कळमनुरीतली दोन आवाहनं

२०१६च्या ऑगस्टच्या शेवटी अब्बांनी पहिल्यांदा माझा मोबाईल बघायला मागितला. मी तेव्हा नांदेडला बीए करत होतो, शनिवार-रविवार कळमनुरीला आलो होतो. त्यांनी मोबाईल उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "लॉक खोल." मी खोलून दिला. पुढे काय बघायचं ते त्यांना कळेना. गॅलरीत कॉलेजच्या गॅदरिंगचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवर क्रिकेटचे मीम. पाच मिनिटांनी त्यांनी मोबाईल शिलाई मशीनच्या पाटावर ठेवला. "कुछ गलत तो नहीं देखता ना बेटा?"

अब्बा टेलर आहेत, शाळेचे गणवेश शिवतात. आदल्या दिवशी गावातल्या जाणत्या मुसलमानांना एका बैठकीला बोलावलं होतं. मशिदीचे इमाम, दोन-तीन शिक्षक, काही दुकानदार, आणि अब्बा. तिथे एका अधिकाऱ्याने अर्धा तास भाषण केलं. मुलं रात्री जागून काय बघतात त्यावर लक्ष ठेवा, अचानक गप्प झाली तर विचारा, संशय आला तर आम्हाला सांगा, आम्ही अटक करणार नाही, समजावून सांगू. शेवटी फोन नंबरांचा एक कागद वाटला. अब्बा म्हणाले, साहेब चांगले बोलले, चहा-बिस्किटंही होती.

मला आजही वाटतं की साहेब मनापासूनच बोलले असणार. काळजीचं कारणही खोटं नव्हतं. मे २०१४मध्ये कल्याणची चार मुलं यात्रेकरूंच्या गटातून इराकला गेली आणि तिथून आयसिसकडे. त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला. २०१६च्या सुरुवातीला राज्य सरकारने तरुणांना कट्टरतेपासून रोखण्याचा कार्यक्रम आखला आणि त्यात बऱ्याच खात्यांना जुंपलं. मग जुलै-ऑगस्टमध्ये दहशतवादविरोधी पथकाने परभणीतून काहीजणांना उचललं, आणि त्याच प्रकरणात एकजण आमच्या हिंगोलीचा निघाला. बातम्यांत 'परभणी मॉड्यूल' हा शब्द रुळला. पुढे तपास एनआयएकडे गेला. २०२१मध्ये उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन दिला, तोवर तो पाच वर्षं आत होता. २०२२मध्ये विशेष न्यायालयाने काहींना शिक्षाही सुनावली. म्हणजे सगळंच बनावट होतं असं म्हणायची सोय नाही. माझे काही मित्र तसं म्हणतात, मी म्हणत नाही.

मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या रात्री जेवताना अब्बांनी बैठकीचं सांगितलं, तेव्हा दादी मध्येच म्हणाली, "बडे को भी ऐसाच समझाए थे."

बडे म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. त्यांच्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. मला वाटायचं ते लहानपणीच वारले. दादी आजोबांची चुलत बहीणच, त्याच वाड्यात वाढलेली, १९४८ साली नऊ वर्षांची. त्या रात्री पहिल्यांदा कळलं की बडे रझाकार होते.

ज्यांनी मराठवाड्यात शाळा केली नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १५ ऑगस्ट १९४७ला भारत स्वतंत्र झाला, तेव्हा आम्ही भारतात नव्हतो. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होतं. (हिंगोली जिल्हा म्हणून वेगळा झाला तो थेट १ मे १९९९ला.) पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे भारत. नोव्हेंबर १९४७मध्ये निजामाने भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला. तोवर मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनची सूत्रं कासिम रझवीकडे गेली होती. हा मूळचा लातूरचा वकील. त्याने रझाकार नावाची स्वयंसेवकांची फौज गावोगाव उभी केली आणि लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गोष्टी केल्या. खेड्यापाड्यांत रझाकारांनी लूट केली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. मे १९४८मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात झालेलं हत्याकांड आजही तिथली माणसं विसरलेली नाहीत. आमच्या भागातली हजारो हिंदू कुटुंबं पैनगंगेपलीकडे पळाली. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या गावांत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कँप होते, तिथून सशस्त्र प्रतिकार चालायचा. हे सगळं खरं आहे, आणि दर १७ सप्टेंबरला झेंडावंदनाच्या भाषणात आम्ही ते ऐकत आलोय. त्या दिवशी वर्गातली दोन-चार पोरं मागे वळून माझ्याकडे बघायची. आठवीत एकाने मला सरळ "ए रझाकार" म्हणून हाक मारली. तो माझा मित्रच होता, आजही आहे. मला तेव्हा फक्त राग आला होता. घरात खरंच एक होता हे माहीत असतं तर काय वाटलं असतं, कोण जाणे.

तर बडे. वय सतरा. पणजोबाही शिंपीच. दादीच्या म्हणण्याप्रमाणे बड्यांना ना नमाजाची ओढ होती, ना राजकारणाची. "उसकू कपडों का शौक था." रझाकार झालं की खाकी कपडे मिळायचे, पट्टा मिळायचा, कवायत असायची. परभणीहून आलेल्या कुणीतरी चौकात भाषण केलं आणि गल्लीतली सात-आठ पोरं एकदम गेली. पणजोबांनी समजावलं, मारलं, दोन दिवस कोंडून ठेवलं. शेवटी ज्या हातांनी मारलं त्याच हातांनी त्याचा ढगळ गणवेश मापात बसवून दिला. पोरगं जाणारच असेल तर निदान नीट दिसावं म्हणून.

बडे जिथे गेले तिथे त्यांनी काय केलं, हे दादीला माहीत नाही, की सांगायचं नाही, मला कळलं नाही. मी दोनदा विचारलं. ती भाकरी मोडत राहिली.

हे ऐकल्यावर मी नांदेडच्या लायब्ररीत जे मिळेल ते वाचायला लागलो. तिथे एक गोष्ट सापडली, जी १७ सप्टेंबरच्या एकाही भाषणात मी ऐकली नव्हती. ऑगस्ट १९४८मध्ये हैदराबादच्या सात मुसलमानांनी सही करून एक निवेदन काढलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रझाकारांना आवरा आणि भारताशी जुळवून घ्या, यातच मुसलमानांचंही भलं आहे. सह्या करणाऱ्यांत फरीद मिर्झा होते. ते आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी होते आणि रझाकारांचे अत्याचार बघून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने हे निवेदन आपल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकात छापलं. २१ ऑगस्टच्या रात्री तो कचेरीतून घरी परतत असताना त्याला गोळ्या घातल्या आणि हात तोडला. वय तिशीच्या आत.

मुस्लिम समाजाला उद्देशून केलेलं, कट्टरतेविरुद्धचं, मुसलमानांनीच केलेलं आवाहन. आज सरकारला जे हवं असतं, नेमकं तेच. पण तेव्हाचं सरकार निजामाचं होतं आणि रझाकार त्याच्याच आशीर्वादाने चालत होते. आवाहन करणाऱ्याच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. कळमनुरीच्या माझ्या पणजोबांपर्यंत ते पोचलं का? दादीला 'इमरोज' हे नावही ठाऊक नाही.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं, १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली. २३ तारखेला निजाम रेडिओवर आला आणि म्हणाला की रझवी आणि त्याच्या टोळक्याने हिटलरी पद्धतीने राज्य ताब्यात घेतलं होतं, त्यात आपण असहाय होतो. ज्याच्या नावाने सतरा वर्षांची पोरं खाकी घालून निघाली, त्याने एका भाषणात अंग काढून घेतलं. तो पुढे राजप्रमुख झाला. रझवी जेलमध्ये गेला, १९५७मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. बडे सप्टेंबरात परतले नाहीत. ऑक्टोबरातही नाही.

त्या आठवड्यांत मराठवाड्यात काय झालं, हे बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांची समिती पाठवली. समिती नोव्हेंबरच्या शेवटी आली, डिसेंबरात फिरली, १६पैकी ९ जिल्हे पाहिले. तिचा अंदाज होता की पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड इथे सगळ्यात जास्त. मेलेल्यांत बहुतेक मुसलमान होते, आणि त्यातले कितीतरी कधीच रझाकार नव्हते. याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना लपवल्याच्याही नोंदी आहेत. आमचं कुटुंब असंच एका मराठा पाटलाच्या कडब्याच्या गंजीमागे नऊ दिवस राहिलं. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला तो २०१३मध्ये, पासष्ट वर्षांनी.

आता परत २०१६. त्या बैठकीत अब्बांना कुणी हे विचारलं नाही की तुमच्या घरात आधी असं काही झालंय का. विचारलं असतं तरी अब्बांनी सांगितलं नसतं. आवाहन करणारा समोर एक 'समाज' बघतो, आणि त्याला वाटतं इथे एक बटण आहे, इमामांनी ते दाबलं की घराघरांतली पोरं ऐकतील. पणजोबा इमाम नव्हते, पण घरातला शब्द त्यांचा होता. त्यांच्याने एक पोरगं थांबलं नाही.

आणि आवाहनाची दिशाही बघा. ६ एप्रिल २००६ला नांदेडमध्ये एका घरात स्फोट झाला, दोन हिंदू तरुण मेले. बॉम्ब बनवताना तो झाला असं तपास यंत्रणांचं म्हणणं होतं. २०२५मध्ये कोर्टाने उरलेल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. कोर्टाचा निकाल मला मान्यच आहे. पण त्या वेळी आमच्या भागात हिंदू दुकानदारांना बोलावून "मुलांवर लक्ष ठेवा" असं कुणी सांगितल्याचं मला आढळलेलं नाही. सांगू नये असंही माझं मत आहे, कारण दुकानदारांचा त्याच्याशी काय संबंध? त्याच वर्षी सप्टेंबरात मालेगावात स्फोट झाले, नऊ मुसलमान पकडले. त्यातल्या एकाचा मधेच मृत्यू झाला, उरलेले आठजण आरोपांतून मुक्त झाले ते एप्रिल २०१६मध्ये. म्हणजे अब्बांच्या बैठकीच्या चार महिने आधी. बैठकीत या गोष्टीचा एका वाक्यात जरी उल्लेख झाला असता, तरी लोक मोकळे बोलले असते, असं मला वाटतं.

संशय आला तर आम्हाला सांगा, हे वाक्य मी खूप दिवस डोक्यात घोळवलं. ऐकायला साधं आहे. पण सांगणाऱ्याला आधी हे माहीत हवं की सांगितल्यावर पोराचं काय होईल. मी एकदा दादीला विचारलं, १९४७मध्ये असं कुणी सरकारी माणूस येऊन म्हणाला असता, तर पणजोबांनी बड्यांचं नाव सांगितलं असतं का? तिने बराच वेळ विचार केला. "बोलते तो भी ले जाते," ती म्हणाली, "नहीं बोले तो भी गया."

दादी २०१९मध्ये गेली. अब्बांनी पुन्हा कधी माझा मोबाईल मागितला नाही. आता त्यांच्याकडे स्वतःचा आहे, त्यावर ते कपडे कापायच्या नव्या पद्धतींचे व्हिडिओ बघतात. गेल्या महिन्यात मशीनच्या खणात बॉबिन शोधताना मला तो फोन नंबरांचा कागद सापडला, घडी पडलेला, तेलाचा डाग लागलेला. फेकू का म्हणून विचारलं. अब्बा चष्म्यावरून बघत म्हणाले, "रहने दे."