ठाण्याचे गाव : रत्नागिरी

जालन्याच्या व्यासपीठावर रत्नागिरीची कथा कशाला, असे आपण विचाराल. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील तालुके घेऊन जालना जिल्हा झाला. त्याच दिवशी रत्नागिरीचा दक्षिण भाग तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. आपली कचेरी तेव्हाची. रत्नागिरीची त्याहून दीडशे वर्षे जुनी. एवढ्या काळात कचेरीने मुलखाला काय दिले, हे आपण पाहू.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचे ठाणे बाणकोटास घातले आणि १८२२ साली ते रत्नागिरीस हलविले, कारण हे गाव मुलखाच्या मध्यावर. समुद्र हाच तेथला हमरस्ता. आधी गलबते, मग आगबोटी. पण पावसाळा लागला की बंदर बंद. मागे सह्याद्री, पुढे खवळलेला दर्या. म्हणूनच ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला सरकारने १८८६ साली येथे आणून ठेवले. १९१६ साली तो येथेच वारला. मुलखाला जवळचे म्हणून निवडलेले गाव राजबंद्यासाठी दूरचे ठरले!

कचेरीपाठोपाठ न्यायकोर्ट आले, वकील आले, शाळा आल्या. भाकरी मात्र आली नाही. जमीन डोंगरउताराची, वर खोताचा अंमल. तेव्हा कोकणातला गडी मुंबईच्या गिरणीत गेला आणि घरची चूल मनीऑर्डरवर पेटू लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा त्याची झळ कोकणातल्या खेड्यापाड्यांना लागली.

आपले उलट झाले. निजामाच्या अमलात, १९०० च्या सुमारास जालन्यास आगगाडी आली आणि आपला कापूस मनमाडवरून मुंबईकडे जाऊ लागला. कोकणची माणसे आणि मराठवाड्याचा कापूस, दोघांची वाट एकाच शहराची! रत्नागिरीवरून मुंबई ते मंगळूर सलग आगगाडी धावू लागली ती १९९८ साली. तोवर अनेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते.

आज जालन्यात आगगाडी आहे, कचेरी आहे, लोखंडाचे कारखाने आहेत. तरी दिवाळीच्या सुमारास आपल्या खेड्यांतली बिऱ्हाडे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. आम्हांला जिल्ह्याचे एकच माप ठाऊक आहे. यंदा किती बिऱ्हाडे घरी राहिली?