अधिक सेकंद : दिल्लीची कालगणना आणि संगणकाची भाषा

दोन मापांमधील विसंगती ही कालगणनेची मूळ समस्या होय. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते. भारतीय पंचांगाने हा फरक अधिक मासाने भरून काढला आणि त्या वाढीव महिन्यास नाव, आचार व कथाही दिल्या. विसाव्या शतकात हीच विसंगती सेकंदाच्या पातळीवर उद्भवली. मात्र संगणकाच्या भाषेत त्या वाढीव घटकासाठी नावच उपलब्ध नव्हते.

या स्थित्यंतराची दोन टोके दिल्लीत पाहावयास मिळतात. सवाई जयसिंगाने १७२४ च्या सुमारास उभारलेल्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सूर्याच्या छायेवरून स्थानिक वेळ दाखविते. पुसा परिसरातील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा मात्र आण्विक घड्याळांच्या आधारे भारतीय प्रमाणवेळ राखते. ही प्रमाणवेळ १९०६ मध्ये ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून निश्चित झाली. त्यामुळे दिल्लीची स्थानिक मध्यम वेळ तिच्या सुमारे २१ मिनिटे मागे राहते. मुंबईने तर त्यानंतरही अनेक दशके आपली स्थानिक वेळ सोडली नाही. नागरी वेळ स्थानिक आकाशापासून दुरावण्याची प्रक्रिया अशा रीतीने संगणकापूर्वीच सुरू झालेली होती.

१९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९२,६३१,७७० आंदोलनांशी जोडली गेली. पृथ्वीचे परिवलन तितके नियमित नसल्याने १९७२ ते २०१६ या काळात जागतिक वेळेत २७ लीप सेकंद घालण्यात आले. तो क्षण जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीपूर्वी येत असल्याने भारतात तो पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ६० सेकंद असा येतो. परंतु युनिक्स प्रणालीच्या गणनेत प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच गृहीत धरलेला असल्याने या साठाव्या सेकंदास तेथे स्थान नाही.

यावर दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात तोच सेकंद पुन्हा मोजला जातो. पंचांगातील वृद्धी तिथीशी याचे साम्य लक्षणीय आहे : दोन सूर्योदयांना व्यापणारी तिथी लागोपाठच्या दोन दिवसांना एकच क्रमांक देते. परंतु अशा वेळी व्रत कोणत्या दिवशी करावे, याचा निर्णय पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांच्या ‘धर्मसिंधू’सारखे ग्रंथ देत आले, यंत्राजवळ असा निर्णयग्रंथ नव्हता. दुसऱ्या, गूगलने अवलंबिलेल्या मार्गात वाढीव सेकंद अनेक तासांवर पसरविला जातो. येथे दुरुक्ती टळते; मात्र त्या अवधीत ती घड्याळे प्रमाणवेळेशी तंतोतंत जुळत नाहीत.

हा प्रश्न केवळ सैद्धांतिक नाही. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदानंतर लिनक्सवर चालणारे अनेक सर्व्हर ठप्प झाले. घड्याळ मागे घेतल्याची वार्ता प्रणालीच्या एका अंगापर्यंत न पोहोचल्याने नियोजित क्रिया वेळेआधीच पुन्हापुन्हा सुरू होत राहिल्या. शिवाय दोन घटनांपैकी आधीची कोणती, हे जेव्हा यंत्रातील नोंदींवरून ठरते, तेव्हा सेकंदाची संदिग्धता पुराव्याची संदिग्धता बनते. म्हणूनच एप्रिल २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा तिच्याशी पडताळता येणाऱ्या स्रोताशी, जुळविण्याचा निर्देश दिला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने अणुवेळ व पृथ्वीची वेळ यांतील अनुमत फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढविण्याचे ठरविले. परिणामी लीप सेकंद दीर्घकाळ घालावा लागणार नाही. विसंगती यामुळे नाहीशी होत नाही. तिचा हिशेब केवळ पुढील पिढ्यांकडे सोपविला जातो. अधिक मासाच्या परंपरेने विसंगतीला भाषेत आणि आचारात सामावून घेतले, तर संगणकयुगाने तिचा उच्चार पुढे ढकलणे पसंत केले. दोन्ही पद्धतींतील खरा भेद गणितात नसून या सांस्कृतिक निवडीत आहे.