कार्ल्याचा सुतार

विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी कार्ल्याच्या लेण्यात गेलो. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. म्हणून असेल, पण मूर्तींच्या आधी माझी नजर दगडावरच्या अक्षरांकडे गेली.

हे चैत्यगृह साधारण इ.स.च्या पहिल्या शतकातले. आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब आहेत. त्यांवर उलट्या घंटेचा आकार आणि त्याच्यावर पाठीला पाठ लावून बसलेली जनावरे. ही घडण मूळची इराणची. पर्सेपोलिसच्या राजवाड्यात घंटा खांबाच्या तळाशी होती आणि माथ्यावर जोडबैल होते. अशोकाच्या स्तंभांत घंटा माथ्यावर आली. कार्ल्यात बैलांच्या जागी गुडघे टेकलेले हत्ती आले आणि त्यांवर इथलेच स्त्री-पुरुष बसले. खाली पायाशी पाण्याचा घट आला. छत तर सरळ आपल्या लाकडी घराचे. दगडी कमानीला सागवानी फासळ्या जोडल्या, त्या आजही जागेवर आहेत.

खांबांचे दाते कोण? लेखांत धेनुकाकटचे अनेक यवन आहेत. परदेशी मुळाचे हे लोक. त्यांतल्या एकाचे नाव सिहधय, म्हणजे नावही इथलेच झालेले. आणि दाराजवळच्या एका लेखात दार घडवणाऱ्याचे नाव आहे : धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. बापाच्या नावासकट!

आमचे इतिहासकार ‘इराणी प्रभाव’ असे लिहून मोकळे होतात. पण प्रभाव आपल्या पायांनी चालत येत नाही. परका आकार कुणीतरी हाताने घडवतो, त्यात आपला हत्ती, आपला घट, आपले लाकूडकाम मिसळतो. दोन संस्कृतींचा संगम घडतो तो या हातांत. त्या हातांना पुढे गावगाड्याने बलुते दिले, अक्षर दिले नाही.

कार्ल्यातही सगळ्यांची नावे नाहीत. ज्यांनी डोंगर फोडला त्यांतले बहुतेक अनामिकच राहिले. तेव्हा सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगण्याचे कारण नाही. पण धनिकाच्या आणि यवनाच्या नावाशेजारी सुताराचे नाव कोरता येत होते, एवढे तरी सिद्ध होते. म्हणजे ते पुढे पुसले गेले तो काही निसर्गनियम नव्हता.

परतताना एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे नाव आमच्या पुस्तकात का नाही?” त्याचा बाप सुतारकाम करतो. मी उत्तर दिले नाही. हा लेख तेच उत्तर आहे.