आभासी वास्तव खेळांतील तन्मयता
संगणकाने निर्माण केलेल्या त्रिमितीय दृश्यात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत, असा भास खेळाडूला करून देणाऱ्या खेळांना ‘आभासी वास्तव खेळ’ म्हणतात. या भासात खेळाडूचे पूर्णपणे गुंतून जाणे म्हणजे तन्मयता होय. चित्राच्या हुबेहूबपणापेक्षा शरीराची हालचाल व दिसणारे दृश्य यांच्या मेळावर ती अधिक अवलंबून असते, असे या खेळांच्या इतिहासावरून दिसते.

इतिहास : अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचे दर्शक उपकरण सादर केले. त्यात केवळ रेषाकृती दिसत. परंतु मान वळविली की दृश्यही त्यानुसार बदले. ब्रिटनमधील ‘व्हर्च्युअ‍ॅलिटी’ यंत्रांवर १९९१ पासून खेळल्या गेलेल्या ‘डॅक्टिल नाइटमेअर’ या नेमबाजीच्या खेळातील चित्रे ओबडधोबड होती, तथापि ती डोक्याच्या हालचालीला प्रतिसाद देत. याउलट जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘व्हर्च्युअल बॉय’मध्ये (१९९५) चित्राला खोली असूनही मान वळविल्याने दृश्य बदलत नसे, शिवाय ते केवळ तांबड्या रंगात दिसे. १९९६ मध्ये त्याची विक्री बंद झाली. पुढे २०१६ मध्ये ‘ऑक्युलस रिफ्ट’, ‘एचटीसी व्हाइव्ह’ व ‘प्लेस्टेशन व्हीआर’ ही उपकरणे बाजारात आली आणि या खेळांना नव्याने चालना मिळाली.

खेळांचे प्रकार व तन्मयता : ‘ईव्ह : व्हॅल्करी’ (२०१६) या अवकाशयुद्धाच्या खेळात वैमानिक आसनावर बसलेला असतो व खेळाडूही खुर्चीवर बसलेला असतो, त्यामुळे दोहोंची शरीरस्थिती जुळते. ‘बीट सेबर’ या संगीताच्या तालावर ठोकळे कापण्याच्या खेळात (प्राथमिक आवृत्ती २०१८) खेळाडू जवळजवळ एकाच जागी उभा असतो आणि हातांची प्रत्येक हालचाल दृश्यात तशीच उमटते; म्हणून साध्या चित्रांतूनही गाढ तन्मयता साधते. ‘रेसिडेंट ईव्हिल ७’ (२०१७) या भयखेळात दाराआडचा आवाज व अंधार यांमुळे धास्ती वाढते. तथापि यात खेळाडू बसून असताना दृश्यातील पात्र चालते. डोळ्यांना गती जाणवते, पण अंतर्कर्णातील समतोलाच्या इंद्रियाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे काहींना घेरी व मळमळ होते.

‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ (२०२०) या साहसखेळात यावर उपाय म्हणून सलग चालण्याबरोबरच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणात जाण्याचा पर्यायही ठेवलेला आहे. अशा स्थानांतराने मळमळ कमी होते, मात्र प्रवासाचे सातत्य खंडित होते. दूरवर हिंडण्याच्या खेळांत तन्मयता व शारीरिक स्वास्थ्य यांची ही ओढाताण अद्याप पूर्णपणे मिटलेली नाही.