मोजमापाबाहेरची मासळी

जगातील एकूण मासेमारीत छोट्या मच्छीमारांचा वाटा किमान ४० टक्के आहे. मात्र या वाट्याचा मोठा भाग अनेक दशके सरकारी नोंदवह्यांत आलाच नव्हता. तो का सुटला, कसा मोजला गेला आणि मोजल्याने नेमके काय साधते, याचा हा आढावा.

मासेमारीची आकडेवारी बंदरावर जन्माला येते. मोठी नौका धक्क्याला लागते, मासळी काट्यावर चढते, लिलाव होतो, पावती फाडली जाते आणि ते वजन सरकारदरबारी जमा होते. ही व्यवस्था मोठ्या यांत्रिक नौकांच्या सोयीची आहे. जगातील बहुसंख्य मच्छीमार मात्र या वाटेने जातच नाहीत. वल्ह्याची किंवा लहानशा इंजिनाची त्यांची होडी थेट पुळणीवर लागते. पकडीतला एक हिस्सा खलाशांचा, एक घरच्या कालवणाचा आणि उरलेला टोपलीतून गावच्या बाजारात जाणारा. नदी, तळे, भातखाचर किंवा खाडीचा चिखल येथे पकडलेल्या मासळीची तर वाटच वेगळी. ती खाल्ली जाते, वाटली जाते, सुकवली जाते. पण कुठे लिहिली जात नाही.

ही मासळी किती, तिच्यावर किती माणसे जगतात आणि तिच्यातून किती पोषण मिळते, हे मोजण्याचा जागतिक पातळीवरील सर्वांत व्यापक प्रयत्न संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि ‘वर्ल्डफिश’ ही संशोधन संस्था यांनी एकत्रितपणे केला. त्याचा अहवाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ५८ देश व प्रदेशांतील अभ्यास आणि शेकडो तज्ज्ञांचा सहभाग हे त्याचे वैशिष्ट्य. याच माहितीवर आधारलेला शोधनिबंध जानेवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला.

अहवालातील ठळक आकडे

• छोट्या प्रमाणावरील मासेमारीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ६९ लाख टन मासळी मिळते. हा जगातील एकूण पकडीच्या किमान ४० टक्के भाग होय. यातील सुमारे २ कोटी ५१ लाख टन समुद्रातून, तर १ कोटी १८ लाख टन नद्या, तलाव व अन्य गोड्या पाण्यातून येते.

• पहिल्या विक्रीच्या वेळी या मासळीचे मोल ७७.२ अब्ज डॉलर, म्हणजे सर्व मासेमारीच्या मोलाच्या ४४ टक्के भरते.

• या क्षेत्रात ६ कोटी २ लाख लोकांना पूर्णवेळ किंवा अर्धवेळ रोजगार मिळतो. मासेमारीशी संबंधित एकूण रोजगाराचा हा ९० टक्के हिस्सा आहे. आणखी ५ कोटी २९ लाख लोक केवळ घरच्या गरजेपुरती मासळी पकडतात किंवा तिच्यावर प्रक्रिया करतात.

• त्यांच्या कुटुंबीयांसह ४९ कोटींहून अधिक लोकांची उपजीविका निदान अंशतः या व्यवसायावर अवलंबून आहे.

पकडीचे आणि उत्पन्नाचे आकडे २०१३ ते २०१७ या काळातील सरासरीचे आहेत, तर रोजगाराचे २०१६ चे. ते आज प्रसिद्ध होत असले तरी एका दशकापूर्वीचे चित्र दाखवतात, हे लक्षात ठेवले पाहिजे.

नोंद नाही म्हणजे शून्य

जागतिक मत्स्योत्पादनाचे आकडे अन्न व कृषी संघटना स्वतः गोळा करत नाही. सदस्य देश ते पाठवतात. ज्या देशाकडे गावोगावच्या मासेमारीची माहिती नसते, तो देश तो रकाना कोरा सोडतो. पुढे बेरीज करताना त्या कोऱ्या रकान्याचे शून्य होते. वस्तुतः तेथे मासळी असते, फक्त तिची नोंद नसते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील शास्त्रज्ञ डॅनियल पॉली आणि त्यांचे सहकारी डर्क झेलर यांनी नेमके याच शून्यावर बोट ठेवले. जुने अहवाल, आहारविषयक पाहण्या, लोकसंख्या, स्थानिक तज्ज्ञांची माहिती अशा साधनांच्या आधारे देशोदेशींच्या पकडीचा अंदाज नव्याने बांधण्याची पद्धत त्यांनी वापरली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, १९९६ मध्ये जगातील सागरी पकड सुमारे १३ कोटी टनांवर पोहोचली होती. अधिकृत आकडा मात्र ८ कोटी ६० लाख टनांचा होता. समुद्रातच फेकून दिलेली मासळी, बेकायदा पकड आणि घरगुती वापराची मासळी हे सारे या फरकात येते. त्यानंतर पकडीत मोठी घसरण झाली, या त्यांच्या अनुमानाबाबत अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी आक्षेपही नोंदवले. परंतु अधिकृत नोंदीत मोठी तूट आहे, हा मुद्दा या वादामुळे ठळकपणे चर्चेत आला.

कंबोडियाचा धडा

मोजणीची पद्धत बदलली की काय घडते, याचे बोलके उदाहरण कंबोडियात सापडते. मेकाँग नदी आणि तिला जोडलेले तोन्ले साप हे विशाल सरोवर हा या देशाच्या अन्नाचा कणा. पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे सरोवरात शिरते, सरोवर अनेक पटींनी फुगते आणि आजूबाजूची राने व भातशेते पाण्याखाली जाऊन माशांची पाळणाघरे बनतात. सरकारी नोंदी मात्र दीर्घकाळ प्रामुख्याने ठेकेदारीने दिलेल्या मोठ्या मासेमारीच्याच असत.

१९९८ मध्ये कंबोडियाची गोड्या पाण्यातील अधिकृत पकड सुमारे ७५ हजार टन होती. १९९९ मध्ये तीच २ लाख ३० हजार टनांवर गेली. एका वर्षात नदीतले मासे तिप्पट झाले नव्हते. कुटुंबांनी केलेली आणि भातखाचरांतली मासेमारी प्रथमच हिशेबात धरली गेली होती.

भातखाचरातील मासळीचे महत्त्व कोकणातील वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. मृगाच्या सरींनंतर ओढ्यांतून, शेतांतून वर येणारे ‘चढणीचे मासे’ घरोघरी रांधले जातात. ते कोणत्याही बंदरातून जात नाहीत, त्यामुळे बंदराच्या नोंदवहीत येण्याचा प्रश्नच नसतो.

स्वयंपाकघरातून उलटी मोजणी

पाण्याकाठी प्रत्येक जाळे मोजणे अशक्य असेल, तर मोजणी दुसऱ्या टोकाने करता येते. घरात मासे किती खाल्ले गेले, हे विचारायचे; त्यातून आयात व मत्स्यशेतीची मासळी वजा करायची आणि निर्यात मिळवायची. उरते ती स्थानिक पकड. घरखर्चाच्या पाहण्या बहुतेक देश करतातच, त्यामुळे नव्याने खर्चही फारसा येत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४२ देशांच्या अशा पाहण्या तपासण्यात आल्या. त्या देशांतील गोड्या पाण्यातील खरी पकड अधिकृत आकड्यांपेक्षा सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक असावी, असा निष्कर्ष निघाला.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. लोकांना आठवड्याभरातील जेवण नीट आठवत नाही, हंगामानुसार खाणे बदलते, ताजे व सुके मासे यांच्या वजनाचा मेळ घालावा लागतो. म्हणूनच कोणत्याही एका पद्धतीवर विसंबून न राहता अनेक साधने एकमेकांशी ताडून पाहण्याचा मार्ग २०२३ च्या अहवालाने स्वीकारला.

‘लहान’ कोणाला म्हणायचे?

मोजणीपूर्वीचा पेच व्याख्येचा आहे. दहा मीटरची नौका एका देशात मोठी, तर दुसऱ्या देशात किरकोळ समजली जाते. केवळ लांबीवर भागत नाही. नौकेवर यंत्र आहे काय, जाळे हाताने ओढतात की यंत्राने, फेरी काही तासांची की अनेक दिवसांची, मालक स्वतः समुद्रात जातो काय, खलाशांना पगार मिळतो की वाटा, बर्फाची सोय कोणती, मासळी घरी जाते की कारखान्यात, अशा अनेक निकषांवर गुण देऊन मासेमारीची प्रत ठरवण्याची पद्धत अहवालात वापरली गेली. जगभर एकच व्याख्या लादण्याऐवजी एकच मापपट्टी वापरण्याचा हा प्रयत्न होता.

टनांत न मावणारे पोषण

वजन हा मासळीचा एकमेव गुण नाही. मोठ्या माशाचा तुकडा आणि डोक्या-काट्यांसह अख्खा खाल्ला जाणारा लहान मासा वजनाला सारखे असले, तरी शरीराला सारखे नसतात. बांगलादेशातील तळ्यांत सापडणाऱ्या ‘मोला’ या बोटभर माशात अ जीवनसत्त्व विपुल असते. या लहान माशांचे पोषणमूल्य जगापुढे मांडणाऱ्या शास्त्रज्ञ शकुंतला हरकसिंह थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जवळ्यासारखी स्वस्त मासळी अशीच अख्खी खाल्ली जाते.

छोट्या मासेमारीतून मिळणारी मासळी २३० कोटी लोकांना कॅल्शियम, लोह, जस्त, सेलेनियम, अ जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ मेदाम्ले या सहा घटकांच्या आहारातील प्रमाणापैकी सरासरी २० टक्के भाग पुरवू शकते, असा ‘नेचर’मधील निबंधाचा अंदाज आहे. संख्येने सर्वाधिक लोकांना आशियातील छोटी मासेमारी पोसते. तर एकूण मासेमारीच्या तुलनेत पकड आणि पोषण यांतील तिचा वाटा आफ्रिकेत सर्वाधिक आहे. अशा प्रदेशात लहान मासा पशुखाद्याच्या कारखान्याकडे वळला, तर टनांच्या हिशेबात काहीच घटत नाही. घट होते ती ताटात.

न दिसणारे हात

या क्षेत्रातील सर्वांत मोठी सूट स्त्रियांच्या श्रमांची आहे. ‘मच्छीमार’ म्हणजे होडीतून जाणारा पुरुष, असे गृहीत धरले की ओहोटीच्या वेळी खडकांवरून कालवे फोडणारी, चिखलातून तिसऱ्या, शिवल्या वेचणारी स्त्री गणनेतून आपोआप बाहेर पडते. केवळ समुद्रातील छोट्या मासेमारीपुरता विचार करणाऱ्या २०२० मधील एका अभ्यासाने, जगात सुमारे २१ लाख स्त्रिया प्रत्यक्ष मासे पकडतात वा वेचतात आणि वर्षाला सुमारे २९ लाख टन पकड त्यांच्या हातून होते, असा अंदाज दिला.

जाळी विणणे व दुरुस्त करणे, मासळी निवडणे, सुकवणे, विकणे आणि घरगुती वापरासाठी पकडणे ही कामे धरली, तसेच गोड्या पाण्यातील मासेमारीही जोडली, की हाच आकडा ४ कोटी ४७ लाखांवर जातो. म्हणजे या क्षेत्रातील दर दहा व्यक्तींपैकी चार स्त्रिया आहेत. बोंबील सुकत घालणारी आणि टोपली घेऊन बाजार गाठणारी कोळीण मुंबईकरांना रोज दिसते. आकडेवारीत ती दिसण्यासाठी मात्र प्रश्नावलीत तिच्या कामाचा रकाना असावा लागतो.

आकडा नसला की

जे मोजले जात नाही, त्याच्यासाठी तरतूदही होत नाही. २०१८ मध्ये जगभरातील सरकारांनी मासेमारीला दिलेली अनुदाने ३५.४ अब्ज डॉलरच्या घरात होती. त्यातील जेमतेम १९ टक्के छोट्या मच्छीमारांपर्यंत पोहोचली, असे संशोधकांनी दाखवून दिले. ९० टक्के रोजगार एकीकडे आणि ८० टक्क्यांहून अधिक अनुदान दुसरीकडे, ही विषमता आकड्यांशिवाय सिद्ध करता आली नसती. घातक अनुदानांना आळा घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार जून २०२२ मध्ये संमत झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला.

किनारा बंदरासाठी किंवा भरावासाठी घेतला जातो, तेव्हा हा प्रश्न अधिक धारदार होतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पीठाने, जवाहरलाल नेहरू बंदर परिसरातील कामांमुळे उपजीविका गमावलेल्या पारंपरिक मच्छीमारांच्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाईचा असा हिशेब करण्यासाठी कुटुंबे किती आणि त्यांचे उत्पन्न किती होते, हे कोणीतरी मांडावे लागते. खाडीत हाताने मासे पकडणाऱ्याकडे ना नौकेची नोंदणी असते, ना विक्रीची पावती. अशा वेळी नुकसान सोसणाऱ्यालाच आपले अस्तित्व सिद्ध करावे लागते.

भारतातील मोजणी

भारताची स्थिती अनेक देशांच्या तुलनेत बरी आहे. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अनेक दशकांपासून किनाऱ्यावरील मासळी उतरवण्याच्या केंद्रांवर नमुना पद्धतीने पाहणी करते आणि यांत्रिक, मोटर बसवलेल्या व बिगरयांत्रिक नौकांची पकड स्वतंत्रपणे अंदाजते. २०१० च्या सागरी मत्स्यव्यवसाय गणनेत देशाच्या किनाऱ्यावर ३,२८८ मच्छीमार गावे आणि १,५११ उतरवणी केंद्रे नोंदली गेली. पुढील गणना २०१६ मध्ये झाली, तर २०२५ च्या अखेरीस घरोघरची माहिती मोबाइल अॅपच्या साह्याने जमवण्यात आली.

तथापि केंद्रावर न येणारी मासळी, खाडीतील शिंपले, नदी-नाल्यांतील मासेमारी आणि धरणांच्या जलाशयांवर जगणारी कुटुंबे यांचे चित्र अद्याप धूसर आहे. अंतर्गत मासेमारीची आकडेवारी राज्यांकडून येते आणि तिची गुणवत्ता राज्यागणिक बदलते.

मोजणीनंतर काय?

छोट्या मच्छीमारांचे हक्क मान्य करणारी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जून २०१४ मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या मत्स्यव्यवसाय समितीने स्वीकारली. ती चंद्रिका शर्मा यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहेत. चेन्नईतील ‘इंटरनॅशनल कलेक्टिव्ह इन सपोर्ट ऑफ फिशवर्कर्स’ या संस्थेच्या कार्यकारी सचिव म्हणून त्यांनी या तत्त्वांसाठी अनेक वर्षे खपून काम केले होते. ८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशियन विमानातून त्या अन्न व कृषी संघटनेच्याच प्रादेशिक परिषदेसाठी निघाल्या होत्या.

ही तत्त्वे ऐच्छिक आहेत. ती पाळण्याची सक्ती नाही. २०२३ च्या अहवालानुसार, छोट्या मासेमारीतील सुमारे ४० टक्के पकडीच्या बाबतीत मच्छीमारांना व्यवस्थापनात वाटा देण्याची कायदेशीर तरतूद आहे; पण प्रत्यक्षात त्यांचा भरीव सहभाग केवळ २० टक्क्यांच्या आसपास आढळतो. कागद आणि किनारा यांतले हे अंतर आहे.

मोजणीचा दुरुपयोगही होऊ शकतो. पकडीचा आकडा मोठा दिसला, की मासे घटल्याचे खापर याच मच्छीमारांवर फोडले जाण्याची भीती असते. म्हणूनच किती टन मासळी निघाली, एवढे विचारून थांबता येत नाही. ती कोणी पकडली, कोणाच्या ताटात गेली आणि त्या पाण्याबाबतचे निर्णय कोण घेते, हे तीन प्रश्न त्याच्या जोडीला विचारावे लागतात. त्यांची उत्तरे नियमितपणे नोंदवण्याची व्यवस्था बहुतेक देशांत अजून उभी राहायची आहे.