घड्याळातले चार

बेलवलीत दुपार कलली आहे. पाचवीतलं पोर गणिताचं पुस्तक उघडून तुमच्यापुढे बसलंय. पाठ रोमन संख्याचिन्हांचा. गेटवे ऑफ इंडियावर कोरलेलं साल तुम्ही त्याला सोडवून दाखवताय: एम, सी, एम, एक्स, आय. एम म्हणजे हजार. सी म्हणजे शंभर, पण त्याच्या उजवीकडे मोठा एम, म्हणून हजारातून शंभर वजा, नऊशे. एक्स-आय अकरा. झाले 1911, पंचम जॉर्ज मुंबईला उतरला ते साल. पोराला पटतं. मग ते भिंतीकडे बोट दाखवतं. "आपलं घड्याळ चुकलंय."

आजोबांच्या घड्याळात चाराच्या जागी चार उभ्या रेघा. पुस्तक म्हणतं, एक चिन्ह तीनदापेक्षा जास्त लिहायचं नाही. चार म्हणजे आय-व्ही, पाचाच्या डावीकडे एक.

चला, एखाद्या रोमन माणसालाच विचारून येऊ. बारवीवरून मुरबाड, पुढे वैशाखरे. फक्त या खेपेला डांबर नाही, धरण नाही आणि शतक इसवी सनाचं पहिलं.

नाणेघाटाच्या पायऱ्या शेणाने निसरड्या झाल्यात. कल्याण बंदराचा माल पाठीवर घेऊन जनावरं जुन्नरकडे चढताहेत. तुम्ही अंग चोरून लेण्यात शिरता. आत गारवा. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख, तेव्हाही जुनाच. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, मजकूर यज्ञांतल्या दक्षिणेचा: गाई, घोडे, हत्ती, आणि एका ठिकाणी 24,400 कार्षापण नाणी. शून्याचा पत्ता नाही, तरी एवढा आकडा तीन खुणांत मावलाय. हजाराच्या खुणेला वीस जोडलेले, हजारालाच चार जोडलेले, मग शंभराला चार. पोराला आणायला हवं होतं.

शेजारी एक यवन व्यापारी घाम पुसत बसलाय, मांडीवर मेणाची पाटी. (यवनांतले बरेचसे ग्रीक बोलणारे, हा आपल्या नशिबाने रोमकडचा.) कुणीतरी तो आकडा त्याला वाचून दाखवतं. टोकदार कांडीने तो ओरखडतो: दोन एक्स, चार आय, त्यांच्या डोक्यावर आडवी रेघ, म्हणजे हजारपट. पुढे चार सी. तुम्ही मोजता. दहा चिन्हं, वर रेघ ती वेगळीच!

चार आय? तुम्हाला राहवत नाही. कांडी मागून घेता आणि आय-व्ही काढून दाखवता. तो बघतो, मान डोलावतो, हेही चालतं म्हणून. आणि खालच्या ओळीत पुन्हा चार रेघा ओढतो. बाहेर गोण्या उतरताहेत. गोणीमागे एक रेघ. तिथे वजाबाकी कोण करत बसणार? रोमन माणसं दोन्ही तऱ्हांनी लिहीत. कोलोसियमच्या 44व्या दारावर तर चाळीस वजाबाकीने कोरलेत आणि चार बेरजेने, एकाच आकड्यात. तीनदाचा नियम पुढच्या लोकांनी पक्का केला.

घड्याळाचे टोले पडतात, चार. पोर अजून भिंतीकडेच बघतंय.

"चुकलेलं नाही रे," तुम्ही म्हणता, "पण पेपरात आय-व्हीच लिही."