शिक्षण, कसब आणि नोकरी : एका वाक्याची गोष्ट

भारताच्या राज्यघटनेत परभणीचे नाव कुठे नाही. पण आपल्या मराठवाड्यासाठी लिहिलेले एक वाक्य तिच्यात आहे. कलम ३७१, उपकलम दोन. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाल्यावर त्याला आजचे रूप मिळाले. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे नेमता येतील, असे त्यात म्हटले आहे. तंत्रशिक्षण, व्यवसाय प्रशिक्षण आणि राज्य शासनाच्या नोकऱ्या यांत तिन्ही भागांना न्याय्य वाटा मिळावा, ही विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची सोयही त्यात आहे.

शिक्षण, कसब आणि नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात का आल्या असतील? त्यासाठी थोडे मागे, निजामाच्या राजवटीत जावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हैदराबाद संस्थानात फारसीच्या जागी उर्दू ही राजभाषा झाली. तहसील, कचेरी, कोर्ट, ठाणे, सारा कारभार उर्दूत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण भारतीय भाषेत देण्याचा तो मोठा प्रयोग होता आणि त्याचे मोल मान्यच केले पाहिजे. पण ज्याच्या घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, त्या मुलाला शाळेचा उंबरा ओलांडतानाच ठेच लागायची. आम्हा खेड्यातल्या मुसलमानांचे तरी काय वेगळे होते? घरात आम्ही दखनी बोलणारे. पुस्तकातली खानदानी उर्दू आम्हालाही शिकावीच लागे. वरच्या जागांवर उत्तर हिंदुस्थानातून आलेले लोक बसत. त्यावरून संस्थानात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ असा वाद कित्येक वर्षे धुमसत होता. परिणाम काय झाला? १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात शंभरात दहा माणसेही साक्षर नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले. स्वातंत्र्य आले, ते सर्वांना हवे होते. पुढे काही वर्षांत कचेरीची भाषाही बदलली. माझे आजोबा एका तहसिलीत कारकून होते. त्यांचे उर्दू अक्षर मोत्यासारखे, असे घरात सांगत. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी बाराखडी गिरवली. शेजारच्या एका मास्तरांनी रोज रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांना बालबोध शिकवले. त्या कारकुनांना सरकारी खर्चाने शिकवावे, असे कुणाला सुचले नाही. आजोबांची नोकरी टिकली. त्यांचे काही सोबती मात्र हैदराबादला गेले, तर काही घरी बसले. माझ्या घरात मराठी अक्षर आले ते असे. मी पुढे मराठीत कविता लिहू लागलो, त्याचे मूळ त्या कंदिलात आहे.

संयुक्त महाराष्ट्राची बोलणी सुरू झाली तेव्हा मराठवाड्याला हा अनुभव ताजा होता. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या गेल्या. व्यावसायिक आणि तांत्रिक शिक्षणात पुरेशा जागा द्याव्यात आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्याव्यात. तीन वर्षांनी हाच आशय घटनेत आला.

त्याच १९५६ साली परभणीला कृषी महाविद्यालय निघाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. या विद्यापीठाने शेतकऱ्याच्या हातात ‘परभणी क्रांती’ भेंडी दिली, ‘परभणी मोती’ ज्वारी दिली. शिक्षण कामाशी जोडले की काय होते, ते आपल्या शिवारात उगवून आलेले आहे.

पण विद्यापीठ स्थापन झाले तेच दुष्काळाचे वर्ष होते. रोजगार हमीने हाताला काम दिले, माणसे जगवली. हाताला नवे कसब मात्र दिले नाही. पदवी घेतलेली पोरे पारावर बसून राहिली. १९७४ मध्ये मराठवाड्यातले विद्यार्थी विकासासाठी रस्त्यावर आले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतला पोलिसांचा गोळीबार झाला. तरुणांचे जीव गेले. १९९९ पासून वसमत हिंगोली जिल्ह्यात आहे, पण ती आठवण दोन्ही जिल्ह्यांची आहे. घटनेत वाटा लिहिलेला असूनही तो मागायला पोरांना रस्त्यावर यावे लागले.

पुढे १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने १९८४ मध्ये राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांच्या वर काढला आणि त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटींचा होता. मोजलेल्या क्षेत्रांत तंत्रशिक्षणही होते. घटनेतली वैधानिक विकास मंडळे प्रत्यक्षात आली ती १९९४ मध्ये, म्हणजे तरतुदीनंतर अडतीस वर्षांनी! ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

माझ्या समाजाबद्दलही बोलले पाहिजे. मुसलमान कामगारांचा मोठा हिस्सा स्वयंरोजगारात आहे, असे २००६ च्या सच्चर समितीने सांगितले. आपल्याकडे फिरून पाहा. वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, शिवणकाम, गाद्या भरणे, सगळे बापाकडून किंवा उस्तादाकडून शिकलेले. हात तयार असतो, हाती कागद नसतो. कागद नाही म्हणून कर्ज नाही आणि नोकरीही नाही. उलट, कागद घेऊन बाहेर पडलेल्या अनेक मुलांचा हात तयार नसतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, योगायोगाने आपल्या मुक्तिदिनीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, असे तिचे स्वरूप. शिंपी, लोहार, गवंडी असे अठरा व्यवसाय तिच्या सुरुवातीच्या यादीत होते. पिंजारी त्यात नव्हता. योजना चांगली आहे, पण यादी करणाऱ्याने आमच्या बाजारातून एकदा चक्कर मारायला हवी होती.

त्याच सप्टेंबरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकाळातली दप्तरे उघडली गेली. ती उर्दूत आणि मोडीत. आता वाचणार कोण? जाणकार शोधता शोधता प्रशासनाची दमछाक झाली. पंचाहत्तर वर्षांपूर्वी ज्या अक्षराला किंमत उरली नव्हती, त्याच अक्षरावर लाखो घरांच्या मुलांचे शिक्षण आणि नोकऱ्या अडून बसल्या.

म्हणून मला वाटते, घटनेतले ते वाक्य तोडून वाचू नये. नुसते कॉलेज मागू नका, नुसते प्रशिक्षण मागू नका, नुसती भरतीही मागू नका. आपल्या गावात नवा अभ्यासक्रम सुरू झाला की विचारा, यातून काम कुठे मिळणार? आणि भरतीची जाहिरात आली की विचारा, हे काम आमच्या पोरांना शिकवले कुणी? हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला १९५६ पासून आहे.